काचेच्या टाकीतला महाशिंपला : शौक, कायदा आणि हलाल धंदा

रंगीत माशांचा धंदा मुंबईत जुना आहे. क्रॉफर्ड मार्केटची दुकाने आणि कुर्ल्याचा मासळीपेट्यांचा बाजार सर्वांना माहीत आहे. मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, तेव्हापासून या शहरातल्या पोरांना काचेमागच्या माशांचे वेड लागले ते लागलेच. या धंद्यात आपले बांधवही आहेत. कोणी काच कापून टाकी जोडतो, कोणी लाकडी स्टँड करतो, कोणी दिव्यांची जोडणी करतो, कोणी मासे विकतो.

पूर्वी गोल्डफिश आणि गप्पी यांवर भागत असे. आता चारकोपच्या म्हाडा सेक्टरांतल्या लहानशा घरांतही खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. त्यातला सर्वांत महाग आणि सर्वांत सुंदर जीव म्हणजे महाशिंपला, ज्याला दुकानदार 'क्लॅम' म्हणतात. निळे, हिरवे, सोनेरी मांस उघडून तो दिव्याखाली बसतो आणि पाहणारा खिसा मोकळा करायला तयार होतो. चारकोपच्या एका तरुण कारागिराने आम्हाला विचारले की, टाक्या तर मी करतोच, आता आत ठेवायचा मालही विकू का? एक जण क्लॅम आणून देतो म्हणतो. त्याला जे सांगितले तेच येथे सविस्तर मांडत आहोत, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

प्रथम हा प्राणी कोण ते समजून घेऊ. कोकणात तिसऱ्या आणि शिवल्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत. (आमचे कोकणी शाफई बांधव त्या आवडीने खातात, हनफी खात नाहीत, तो वाद आज नको.) महाशिंपला याच दोन झडपांच्या जातकुळीचा. फरक असा की तिसरी वाळूत तोंड लपवते आणि हा तोंड उघडून उन्हात पडतो. त्याच्या रंगीत मांसात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर साखर तयार करते आणि त्यातला मोठा वाटा शिंपल्याला देते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही मुदारबा आहे. एकाने जागा आणि संरक्षण द्यायचे, दुसऱ्याने मेहनत करायची आणि नफा दोघांनी वाटून घ्यायचा. दिवा कमी पडला की मेहनत करणारा भागीदार बसतो आणि दोघेही बुडतात. क्लॅम पाळण्याची निम्मी विद्या या एका गोष्टीत आहे.

याच्या डझनभर जाती आहेत. सर्वांत मोठी जात एक मीटरहून लांब आणि दोनशे किलोहून जड होते; तिचा घरच्या टाकीशी काही संबंध नाही. सर्वांत लहान, म्हणजे क्रोशिया, सुमारे १५ सेंटिमीटरची. मॅक्सिमा एक फूट किंवा थोडी जास्त, स्क्वामोसा त्याहून जरा मोठी. हिंदी महासागर, प्रशांत महासागर आणि लाल समुद्र ही त्यांची घरे. हज-उमऱ्याला जाणारे आमचे बंधू ज्या जेद्दाहला उतरतात, त्याच किनाऱ्यावर हे शिंपले आहेत, आणि उत्तरेला थुवल येथील किंग अब्दुल्लाह विद्यापीठात त्यांचा अभ्यास चालतो. लाल समुद्रातली एक जात २००८ साली नवी म्हणून जाहीर झाली. पुढे कळले की तिचे वर्णन १८९९ सालीच झालेले होते. मोठमोठ्या विद्वानांच्याही दफ्तरात जुनी पावती सापडत नाही, याचे आम्हा दुकानदारांना थोडे समाधान वाटते.

भारतात हे शिंपले लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या स्वच्छ, उथळ पाण्यात आहेत. मनोरी-गोराईच्या गढूळ खाडीत त्यांच्यापर्यंत ऊनच पोचणार नाही. त्या खाडीचे पाणी टाकीत भरण्याचा विचारही कोणी करू नये. त्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते.

आता टाकी. चारकोपच्या घरात जास्तीत जास्त दोन फूट बाय दीड फूट बाय दीड फुटाची टाकी बसते. त्यात १२० लिटर पाणी मावते. काच, दगड, वाळू आणि स्टँड धरून वजन दोनशे किलोच्या आसपास जाते, म्हणून ती भिंतीलगत, तुळईच्या रेषेत ठेवावी. खिडकीच्या कठड्यावर किंवा पोटमाळ्यावर नव्हे. पाणी नळाचे चालत नाही, कारण त्यात क्लोरीन असते. आरओचे पाणी घेऊन लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालावे लागते. हे मीठ म्हणजे स्वयंपाकाचे मीठ नव्हे, मत्स्यालयासाठी तयार केलेले. दर आठवड्याला १२ लिटर पाणी बदलायचे तर त्यासाठी ४२० ग्रॅम मीठ लागते. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई मात्र साध्या आरओ पाण्यानेच करायची. पाणी उडते, मीठ मागे राहते. वर पुन्हा खारे पाणी ओतत गेले तर महिनाभरात टाकीचे लोणचे होते.

मुंबईत मुख्य शत्रू उष्णता. क्लॅमला २४ ते २७ अंश मानवतात. मे महिन्यात आपल्या खोल्या ३२-३३ अंशांवर असतात, त्यात पंप आणि दिव्यांची ऊब. पंख्याच्या वाऱ्याने पाणी उडून थोडे गार होते, पण हवेत दमटपणा असला की हा उपाय लंगडा पडतो. चिलर लागतोच. विजेचा हिशेब मांडू. १०० वॉटचा दिवा आठ तास म्हणजे ०.८ युनिट, २० वॉटचे दोन पंप चोवीस तास म्हणजे साधारण एक युनिट, २०० वॉटचा चिलर दिवसात दहा तास चालला तर दोन युनिट. दिवसाला पावणेचार, महिन्याला सुमारे ११३ युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा. ज्या घरात शिलाईच्या दोन मशिनी चालतात त्या घराला हा आकडा लहान नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा लागतो, तो वेगळा.

चौथी गोष्ट चुन्याची. शिंपल्याचे कवच चुन्याचे असते आणि तो चुना तो पाण्यातूनच घेतो. पाण्यात कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि क्षारता ८ ते ९ अंश ठेवावी लागते. मोठ्या टाकीत हे आकडे हळूहळू घसरतात. १२० लिटरमध्ये दोन-तीन वाढते शिंपले असले तर आठवड्यात फरक दिसतो. म्हणून चाचणीच्या बाटल्या आणि वही. आम्ही तर म्हणू की ज्याला रोजमेळ लिहिण्याचा कंटाळा आहे त्याने खाऱ्या टाकीच्या वाटेला जाऊ नये. लहान टाकीत मेलेला एक क्लॅम रात्रीतून सगळे पाणी नासवतो आणि सकाळी मासेही तरंगताना दिसतात.

आखातात नोकरी करणारे आमचे काही वाचक तेथे टाक्या ठेवतात. त्यांनी माल पारखण्याच्या खुणा ध्यानात ठेवाव्यात. आम्ही कापडवाले थान उलगडून ताणा-बाणा पाहतो, तसेच हे. शिंपल्यावर हाताची सावली पाडली की त्याने चटकन मिटले पाहिजे. वरचे तोंड सैल पडून आ वासलेला असेल तर तो आजारी आहे. मांसाची कड झालर पसरल्यासारखी हवी, आत चिमटलेली नको. कवचाला तांदळाच्या कण्यांएवढ्या गोगलगाई चिकटलेल्या नाहीत ना, ते पाहावे. त्या त्याचा रस शोषतात. त्याच्या तळाशी धाग्यांचा एक झुबका असतो, ज्याने तो दगडाला घट्ट धरतो. दुकानदाराने ओढून काढलेला असेल तर तो झुबका मुळासकट तुटतो आणि शिंपला काही दिवसांनी मरतो. दोन इंचांहून लहान पिल्लू स्वस्त मिळते, पण ते जगवणे कठीण. तीन इंचांचे घ्यावे. कायद्याने चालणारा माल पैदास केंद्रांतून येतो. पॅसिफिकमधल्या पलाऊ या लहानशा देशाने यात मोठे नाव कमावले.

भारतात काय? येथेच त्या कारागिराच्या प्रश्नाचे उत्तर आहे. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत काही समुद्री शिंपल्यांचा समावेश केला. त्यात ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस हे तीन महाशिंपले आहेत. पहिली अनुसूची म्हणजे ज्या यादीत वाघ आहे ती यादी. त्याच वर्षी खडक बांधणारी प्रवाळेही तिच्यात गेली. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. जिवंत प्राण्यापुरते हे नाही. कवच आणि कवचाची वस्तूही त्यात येते. जुन्या बाजारात साबणदाणी किंवा शोभेची परात म्हणून मोठे शिंपले दिसतात. शिंपल्याचे जडावकाम करणाऱ्या कारागिरांनी ते विकत घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

परदेशातून आणू म्हणाल, तर महाशिंपल्यांचे अख्खे कुटुंबच साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे. निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना आणि आपल्याकडची परवानगी नसेल तर विमानतळावर माल जप्त होतो. उमऱ्याहून परतताना किनाऱ्यावरचा एखादा देखणा शिंपला बॅगेत टाकणाऱ्यांनाही हेच लागू आहे. २०२४ च्या नियमांनुसार, चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंद करायची आहे.

कायदा एवढा कडक का, हेही समजून घ्यावे. हा शिंपला लवकर वाढत नाही. तो प्रथम नर असतो, मोठा झाल्यावर नर आणि मादी दोन्ही होतो, आणि शेजारी दुसरा असेल तरच बीज जुळते. पंचवीस शिंपल्यांच्या वस्तीतून वीस उचलले तर उरलेले पाच एकमेकांपासून इतके दूर पडतात की ती वस्ती वाढतच नाही. चीनच्या हैनान बेटावर याच्या कवचाचे कोरीवकाम हस्तिदंतासारखे विकले जाऊ लागले. त्या पायी दक्षिण चीन समुद्रातले प्रवाळ-खडक बोटींच्या पंख्यांनी खणले गेले, आणि अखेर २०१७ साली हैनानला हा धंदा बंद करावा लागला. एप्रिल २०२१ मध्ये फिलिपिन्सच्या पालावान प्रांतात सुमारे २०० टन कवचे पकडली गेली. कारागीर तेथेही गरीबच होते. मालवाल्याने सांगितले आणि त्यांनी हात चालवला.

आमच्यातले काही जण म्हणतात की, समुद्रातली वस्तू अल्लाहने सर्वांसाठी ठेवली, सरकार कोण? यावर आमचे मत स्पष्ट आहे. पाण्यातला न पकडलेला मासा विकणे फुकहांनी धोक्याचा सौदा म्हणून नाजायज ठरवले. मालातला ऐब लपवणे हराम आहे, हे तर मदरशातले पोरही सांगेल. ज्या शिंपल्याची पावती नाही, जो कोठून आला ते सांगता येत नाही आणि घरी नेल्यावर ग्राहकाला तुरुंग दाखवू शकतो, त्यात याहून मोठा ऐब कोणता? जीव पाळण्याला दीनची मनाई नाही. लहानग्या अबू उमैरच्या चिमणीची हदीस याच कारणासाठी सांगितली जाते. पण मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही त्याच पुस्तकांत आहे, आणि चिलरशिवाय मे महिन्यात क्लॅम ठेवणे त्याहून वेगळे नाही.

म्हणून त्या तरुणाला आम्ही सांगितले की काच सोडू नको. माल विकायचाच असेल तर पैदाशीचा विक. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांची पैदास भारतात यशस्वी केली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने तेथील महिला शोभेच्या कोळंब्या वाढवतात. समुद्र न ओरबाडता येणारा माल हा. टाकीत प्रवाळाऐवजी साधे सच्छिद्र दगड किंवा भाजलेल्या मातीचे खडक चालतात, आणि ते मातीकाम आपल्या कुंभारांना येते.

खरी कमाई मात्र टाकीच्या बाहेर आहे. दोन फुटी टाकीला १० मिलिमीटरची काच, घासलेल्या कडा, आम्ल सुटणारे पण बुरशीनाशक नसलेले सिलिकॉन. खारे पाणी सहन करणारा स्टँड, ज्यात लोखंडी स्क्रू एकही नको. मीठ आणि आरओ पाण्याचा घरपोच पुरवठा. आणि महिन्याच्या ठरावीक पगारावर देखभाल. ही देखभाल चारकोप, गोराई, मालाड या पट्ट्यात एक माणूस दुचाकीवर करू शकतो. करार लेखी करावा. त्यात वीज गेल्यास जबाबदारी कोणाची, मासा मेल्यास भरपाई आहे की नाही आणि टाकीतल्या प्रत्येक जिवाची खरेदीपावती कोणाकडे राहणार, ही तीन कलमे पहिल्याच पानावर असावीत. पावती दाखवता न येणारा जीव ग्राहकाच्या टाकीत आधीपासून असेल, तर ते काम घेऊ नये.