जाड आणि तिरक्या अक्षरांची घडण

विद्यार्थिनी : सर, गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. तिथल्या फलकांवर फडाचं नाव जाड, तिरकं का असतं?

सर : गावोगावचे कारभारी तिथे जत्रेची सुपारी द्यायला येतात. राहुट्या एकीला लागून एक. फडमालकाचं नाव लांबून वाचता यावं म्हणून जाडी, आणि नावात ठसका यावा म्हणून कल. खालचं ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ साधं ठेवलं तरी चालतं. ते सगळ्याच फलकांवर असतं.

विद्यार्थिनी : रोमनमध्ये यालाच बोल्ड इटॅलिक सेरिफ म्हणतात ना?

सर : हो, पण हे तिन्ही गुण एका वेळी आलेले नाहीत. सेरिफ, म्हणजे रेघेच्या टोकाचा छोटा पाय, रोमन शिलालेखांपासूनचा. तिरका टंक फ्रान्चेस्को ग्रिफोने हस्ताक्षरावरून कोरला आणि व्हेनिसच्या आल्डुस मानुतिउसने १५०१ मध्ये त्यात अख्खं पुस्तक छापलं. अतिजाड अक्षरं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींसाठी घडली.

विद्यार्थिनी : देवनागरीत सेरिफ कुठे असतो?

सर : तसा पाय नाही, डोकं आहे. त्याचा माग नारायणगावाजवळच, जुन्नरच्या परिसरात लागतो. नाणेघाटातल्या सातवाहन लेखाची ब्राह्मी अक्षरं जवळपास एकाच जाडीची आहेत. पुढे क्षत्रपांच्या काळात पश्चिम भारतातल्या लेखांत अक्षरांच्या माथ्यावर जाड टोकं दिसू लागली. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातला क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख त्याच काळातला. या टोकांतूनच पुढे शिरोरेषा घडली. जाड-बारीक रेघांचा खेळ मात्र बोरूच्या तिरक्या कापाने आणला. इंडियन टाइप फाउंड्रीच्या २०१४ मधल्या ‘रोझा वन’ या सरळ उभ्या टंकात तो टोकाला नेलेला दिसतो.

विद्यार्थिनी : मग कॉम्प्युटरवर अक्षर नुसतं तिरकं केलं तर?

सर : तिथेच काम बिघडतं. शिरोरेषा आडवीच राहते, काना कलतो. गोळाईची एक बाजू फुगते, दुसरी रोडावते. वेलांटी आणि रफार व्यंजनावरून सरकल्यासारखे दिसतात. म्हणून कललेलं प्रत्येक अक्षर नव्याने रेखाटावं लागतं. जाडीचं दुखणं आणखी वेगळं : ‘क्ष’, ‘ष’, ‘ध’, ‘भ’ यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात, अनुस्वार वेलांटीला चिकटतो. त्यासाठी रेघा जिथे मिळतात तिथे बारीक कराव्या लागतात आणि पोकळ्या मुद्दाम मोठ्या ठेवाव्या लागतात. हे कष्ट न घेतलेले टंक फ्लेक्सवर लगेच ओळखू येतात.

विद्यार्थिनी : असा टंक वापरायचा कुठे?

सर : नाटकाचं नाव, मासिकाचं मुखपृष्ठ, बैलगाडा शर्यतीचा फलक, दुकानाची पाटी. चार-पाच शब्दांपुरताच. मंचरच्या शर्यतीच्या फलकावर घाटाचं, म्हणजे गाडे धावतात त्या मार्गाचं, नाव त्यात शोभेल. तारीख, बक्षिसं आणि नियम साध्या टंकातच हवेत, कारण ते वाचून लोक गाडा जुंपायचा की नाही ते ठरवतात.