गोळीला पेलाभर पाणी हवे

मुळशीत पाऊस धरला की भातलावणीची घाई सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावायची, घरी येऊन चूल पेटवायची, सगळ्यांची जेवणे उरकली की भांडी घासायची. अंथरुणाला पाठ टेकताना बाईला आठवते, गोळी राहिली. उशाशी तांब्या असला तर एक घोट, नसला तर थुंकीबरोबरच गोळी गिळायची आणि आडवे व्हायचे. पहाटे छातीच्या मधोमध आग होते, आवंढा गिळतानाही कळ येते. मग ‘गोळी उष्ण पडली’ असे म्हणून दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद.

गावोगावच्या बैठकांत आम्ही ही तक्रार नेहमी ऐकतो. त्रास खरा असतो, पण बहुतेक वेळा दोष औषधाचा कमी आणि ते गिळण्याच्या पद्धतीचा जास्त असतो. पद्धत बदलता येते. औषध सोडले तर मात्र मूळ आजार अंगावर येतो.

आत नेमके काय होते?

घशापासून जठरापर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची मऊ नळी असते. तिला अन्ननलिका म्हणतात. चावलेला घास लाळेने ओला झालेला असतो, म्हणून तो सहज खाली सरकतो. गोळी कोरडी असते. कॅप्सूलचे वेष्टन तर थोडेसे ओले झाले की चिकट होते. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीत या नळीला खेटून जाते. तिथे नळी थोडी दबलेली असते आणि गोळी बहुधा तिथेच अडकते. आपण आडवे झालो की ती खाली सरकत नाही. झोपेत लाळही कमी सुटते. मग गोळी जागच्या जागी विरघळते आणि तीव्र औषध नळीच्या नाजूक अस्तराला भाजते. याला उष्णता म्हणू नका, ही आतली जखम आहे.

कोणत्या गोळ्यांनी असे होते?

पहिले नाव डॉक्सीसायक्लिनचे. उंदरांच्या व जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. भातखाचरात काम करणाऱ्यांना त्याचा धोका असतो आणि त्यावर डॉक्टर हे औषध देतात. दुसरी लोहाची गोळी. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस जी लाल गोळी घ्यायची असते, तीच ही. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळीही लोहाचीच. तिसऱ्या अंगदुखीच्या गोळ्या: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन. शिवाय पोटॅशियमच्या आणि ठिसूळ हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या ॲलेंड्रोनेटच्या गोळ्याही त्रास देतात.

गोळी कशी घ्यावी?

१. बसून किंवा उभ्याने घ्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी उठवून, पाठीला टेकू देऊन बसवा.

२. आधी एक घोट पाणी पिऊन घसा ओला करा. मग गोळी जिभेवर ठेवून पेलाभर, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाणी प्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर डॉक्टरांना विचारा.

३. मूठभर गोळ्या एकदम तोंडात टाकू नका. एकेक घ्या.

४. गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ नका. झोपायच्या वेळेऐवजी गोळी रात्रीच्या जेवणाशी जोडा. जेवण झाले की गोळी, मग भांडी. ॲलेंड्रोनेट मात्र सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबरच घ्यायचे असते.

५. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. लोह अंगी लागत नाही. दोन तासांचे अंतर ठेवा. डॉक्सीसायक्लिन आणि लोहाची गोळीही एकत्र घेऊ नका.

६. गोळी कुटणे, कॅप्सूल उघडून पूड खाणे हे विचारल्याशिवाय करू नका. काही औषधे तशी घेतली तर जास्त भाजतात.

आग सुरू झालीच तर?

उठून बसा. साधे पाणी थोडे थोडे प्या. कोरड्या भाकरीचा घास गिळून गोळी ढकलायचा प्रयत्न करू नका, जखमेवर तो आणखी घासतो. घशात बोटे घालून उलटी काढू नका. दोन-चार दिवस मऊ भात, पेज, वरण, ताक असे कोमट किंवा गार खा. तिखट, लिंबू, कढत चहा, दारू, तंबाखू टाळा. मिश्रीही बंद ठेवा. छाती दुखते म्हणून अंगदुखीची गोळी घेऊ नका, तिनेच जखम वाढते.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आशाताई, आरोग्यसेविका किंवा डॉक्टरांना गाठा आणि कोणती गोळी, कधी, किती पाण्याबरोबर घेतली ते सांगा. पुढचा डोस घ्यायचा की थांबायचे, हे त्यांना विचारून ठरवा. लोहासाठी पातळ औषध किंवा इंजेक्शन असते, इतर औषधांनाही पर्याय निघतो. आग शमवणारे पातळ औषधही मिळते, पण ते लोह किंवा डॉक्सीसायक्लिनच्या वेळेला घ्यायचे नसते. त्रास देणारी गोळी थांबली की ही जखम बहुधा काही दिवसांत ते एक-दोन आठवड्यांत भरते.

इथे वाट पाहू नका

छातीत दडपण, दरदरून घाम, धाप, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर तो हृदयविकार असू शकतो. ‘गोळीमुळे असेल’ असे म्हणून घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. थुंकीही गिळता येत नसेल, रक्ताची उलटी झाली, किंवा गोळीनंतर ओठ-चेहरा सुजून श्वास लागला, तरी लगेच दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीने शौचास काळपट होते, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधी शौचास झाली आणि चक्कर आली, तर ते आतल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.

विचारणे हा आपला हक्क

गोळ्यांचे पाकीट हातात पडते, पण ती कशी गिळायची हे क्वचितच कोणी सांगते. रांग मोठी असते आणि विचारायला आपली जीभ अडते. परिणाम बाईच्या अंगावर निघतो. छाती जळते म्हणून लाल गोळी सुटते, रक्त कमी राहते, आणि बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी जीव धोक्यात येतो. शिकलेल्या मुलींनी आई-आजीबरोबर दवाखान्यात जावे आणि गोळी हातात घेण्याआधी चार प्रश्न विचारावेत: जेवणाआधी की नंतर? किती पाण्याबरोबर? कशाबरोबर घ्यायची नाही? त्रास झाला तर कोणाला सांगायचे?

वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचनाला जमतो. तिथे एखाद्या संध्याकाळी पाच मिनिटे काढून हे सहा नियम मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही ते पोचायला हवेत, कारण लावणीच्या दिवसांत सर्वांत जास्त गोळ्या त्यांच्याच हातात असतात.