शेतकरी-कुटुंबांतील न मोजलेली मिळकत

नवरा नोकरीस व बायको घरीं, तर मिळकत एक; दोघेंही नोकरीस, तर मिळकती दोन. शहरांत हा हिशेब सोपा आहे. उमरी तालुक्यासारख्या कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी पिकविणाऱ्या मुलखांत मात्र हें माप फसतें. स्वतःच्या रानांत खुरपणी व कापसाची वेचणी करणारी स्त्री मजुरी घेत नाहीं, म्हणून ती 'घरींच असते' असें सांगण्यांत येतें. तीच दुसऱ्याच्या रानांत रोजानें गेली, म्हणजे मिळवती ठरते. काम एकच, मोजणी निराळी.

या मोजणीवर घरांतील मान अवलंबून असतो. जिच्या श्रमाची नोंद नाहीं, तिला बियाणें, कर्ज व मालविक्री यांविषयीं सहसा कोणी विचारीत नाहीं. पुढें पति अकस्मात् निवर्तल्यास सातबारा व देणेंघेणें यांची माहिती नसलेल्या त्याच स्त्रीवर सर्व प्रपंच येऊन पडतो.

रोख मजुरी आली म्हणजे चुलीचा भार आपोआप वांटला जातो, असेंही समजूं नये. सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणींत, घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रियांचीं त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचीं ९७ मिनिटें गेल्याचें आढळलें. बायकोनें मिळवावें हें नवऱ्यास लवकर पटतें. आपण भाकरी थापावी हें पटत नाहीं.

श्री. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें १९८६ च्या नोव्हेंबरांत चांदवड येथें महिला अधिवेशन भरविलें. पुढें 'लक्ष्मीमुक्ति' कार्यक्रमांत तिनें शेतकऱ्यांस पत्नीच्या नांवें जमीन करून देण्याचें आवाहन केलें. हें दान नसून श्रमाचें ऋण फेडणें होय, असा त्यामागील विचार होता.

तेव्हां प्रत्येक शेतकरी-बंधूनें तीन गोष्टी कराव्या:

(१) घरच्या स्त्रीनें वेचणी-खुरपणीस दिलेले दिवस वहींत मांडून, चालू मजुरीनें त्यांची रक्कम पिकाच्या खर्चांत धरावी.

(२) जमिनीस व बँकेच्या खात्यास तिचें नांव लावावें, आणि देणेंघेणें तिला समजावून सांगावें.

(३) दोघें रानांतून एकदमच परततात. तर पाणी भरणें, चूल पेटविणें व मुलांचें पाहणें हींही दोघांचींच कामें समजावीं.

पहिल्या गोष्टीस एक वही व पेन्सिल पुरे. येत्या वेचणीपासूनच आरंभ करावा. हंगामाच्या शेवटीं बेरीज समोर आल्यावर 'आमच्या घरीं मिळवणारा एकच' असें म्हणणें जड जाईल.