टोकन देण्याआधी

चि. भाच्यास,



तू पाठवलेले चारही गाड्यांचे फोटो पाहिले. लाल पुंटो अबार्थ, पोलो जीटी, बलेनो आरएस आणि एक पांढरी स्विफ्ट. स्विफ्टचा फोटो शेवटी, नाइलाजाने टाकल्यासारखा आलाय. दादाने साडेचार लाख कबूल केलेत आणि पेट्रोल-इन्शुरन्स तू शिकवण्या घेऊन भागवणार, हेही कळलं. दादा म्हणाला, "तू जन्मभर ठोकलेल्या गाड्या पाहिल्यास, तूच समजाव त्याला." समजवायचं काही नाही. गाडी घ्यायला माझा विरोध नाही. मोटार सर्व्हेअर म्हणून जे पाहिलं, तेवढं सांगते.

अबार्थचा मोह मला कळतो. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून आलेली, १.४ लिटर टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर. त्या काळी आपल्याकडे या आकाराच्या गाडीत एवढी ताकद जवळपास कुणी देत नव्हतं. पण फियाटने इथे गाड्या विकणं केव्हाच थांबवलंय. पुंटो-लिनियाशी सामाईक असलेले पार्ट्स शोधून मिळतात. खास अबार्थच्या पार्टसाठी मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानं पालथी घालावी लागतील, आणि परीक्षा तोंडावर आली असताना गाडी महिनाभर गॅरेजात पडून राहील. शिवाय तुझ्या बजेटात ती बसतेय, याचाच मला संशय येतो.

पोलो चाकणची, अंगाने मजबूत. २०१४ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, तेव्हा कंपनीने ते मॉडेल काढून टाकलं आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोने चार तारे घेतले. पण जीटी टीएसआय म्हणून तू जी दाखवतोयस, ती १.२ लिटरची, सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकमध्येच यायची. मॅन्युअल गिअरबॉक्स आला २०२० मध्ये, १.० टीएसआयबरोबर, आणि ती तुझ्या पैशात नाही. मुंबईत परळपासून सायनपर्यंत सरपटत जाताना त्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सचे हाल होतात. त्याच्या मेकॅट्रॉनिक्सचं काम निघालं तर तुझ्या वर्षभराच्या शिकवण्या त्यात जातील.

बलेनो आरएस वाईट नाही. २०१७ची बूस्टरजेट, १०२ हॉर्सपॉवर, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक. पण ती थोडीच खपली आणि २०२० पर्यंत बंदही झाली. साडेचार लाखांत जी मिळेल ती कुणीतरी पिळून काढलेली असेल. टर्बो गाडी घेणारा माणूस ती हळू चालवायला घेत नाही, हे तुलाही माहीत आहे.

राहिली स्विफ्ट. तुला ती टॅक्सीवाल्यांची वाटते, म्हणून नकोशी आहे. मला विचारशील तर चारातली तीच घे. २०१० नंतरच्या के-सिरीज १.२ पेट्रोल इंजिनाला टायमिंग चेन आहे. पट्टा बदलायची कटकट नाही. ताकद ८५च्या आसपास, म्हणजे कागदावर साधीच. पण गाडीचं वजन नऊशे किलोच्या आतबाहेर, आणि वळणावर मजा येते ती या हलकेपणामुळे. खंडाळ्याच्या घाटात तुला हे कळेल. लालबागपासून शिवडीपर्यंत कुठल्याही गॅरेजवाल्याला ती डोळे मिटून उघडता येते.

एक अट मात्र माझी. एअरबॅग नसलेल्या स्विफ्टलाही २०१४च्या चाचणीत शून्यच मिळाला होता. २०१८ची नवी पिढी आली तेव्हापासून सगळ्या मॉडेलांना दोन एअरबॅग आणि एबीएस आहे, तरी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला दोनच तारे पडले, हेही लक्षात ठेव. ती बजेटात बसली तर उत्तम, नाहीतर आधीच्या पिढीतली झेडएक्सआय शोध. एअरबॅग आणि एबीएस नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी माझ्यापुढे विषय काढू नकोस. आणि २०१५ नंतरची फोर्ड फिगो कुठे दिसली तर मला कळव. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं, म्हणून लोक तिला भाव देत नाहीत. पण तिचं स्टिअरिंग हातात फार छान बोलतं. डिझेल मात्र कुठलंच नको. कॉलेजला तू हार्बर लोकलनेच जाणार, तिच्या पासाशी गाडीची काय बरोबरी? रविवारच्या फेऱ्यांना डिझेल परवडत नाही.

आता गाडी पाहायला जाशील तेव्हाचं. सकाळी जा, आणि आधी बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर मालकाने तुझ्या येण्याआधी इंजिन चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज आणि धूर त्याला दाखवायचा नाहीये. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो म्हणून सांग. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग बोनेटच्या बिजागऱ्यांचे आणि फेंडरचे बोल्ट बघ. कारखान्यात रंग बोल्टवरही बसतो. पाना लागला की कडा सोलतात. दाराचं रबर थोडं ओढून काढ. आत स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतराने दिसले पाहिजेत. तिथे पुट्टी किंवा सपाट वेल्डिंग दिसलं तर गाडी मोठी ठोकलेली आहे. काचांवर साल छापलेलं असतं. पाच काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर विचार, का बदलली. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा.

पाण्यात गेलेली गाडी ओळखणं जास्त कठीण, आणि आपल्या शहरात ते जास्त गरजेचं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. त्यानंतर कितीतरी दिवस "गाडी टाउनची आहे, तिकडे पाणी नव्हतं" हे मी विकणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. ती गाडी त्या दिवशी कुठे उभी होती, हे कोण सांगणार? हिंदमाताला तर जोराच्या पावसात आजही पाणी भरतं. म्हणून पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ. गाडी धुणारा कार्पेट धुतो, सीट बदलतो. पण बेल्टचं गुंडाळलेलं टोक क्वचितच कुणी धुतो. तिथे पिवळट मातीची रेघ दिसली तर चहा न पिता निघायचं. सीटच्या खालच्या पट्टीचे स्क्रू टॉर्चने बघ, गंज आहे का. आणि गाडीत अत्तराचा भडिमार असेल तर नाक अधिक उघडं ठेव.

चालवून बघायला तुमच्या रे रोडसारखी जागा नाही. बॅरिस्टर नाथ पै मार्गावर दारूखान्याच्या बाजूला ट्रेलर्सनी रस्त्याची जी अवस्था केलीय, तिथे काचा खाली करून वीसच्या वेगाने ने. खटखट आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेलेत. ते महाग नाही, पण भाव पाडायला कामाचं आहे. मग स्टेशनजवळचा मे २०२५ मध्ये उघडलेला नवा केबलचा पूल. चढावर ट्रकच्या मागे सरकताना गाडी थरथरली किंवा जळकट वास आला तर क्लच प्लेट संपलीय. शेवटी ऑरेंज गेटहून ईस्टर्न फ्रीवे. तिथे वेगमर्यादेत राहून स्टिअरिंग सैल धर, गाडी एका बाजूला ओढते का बघ. आणि मालकाला शेजारी गप्पा मारू देऊ नकोस. बोलकी माणसं आवाज झाकतात.

कागदपत्रांत घाई करू नकोस. 'वाहन' या सरकारी पोर्टलवर नंबर टाकून कितवा मालक आणि बँकेचा बोजा आहे का ते बघ. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनही नाही. ई-चलनं विकणाऱ्याने भरायची, आपण नाही. फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या लगेच घे. एजंट "नंतर करून देतो" म्हणेल. ते नंतर कधी येत नाही. विम्याची पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घे, नाहीतर गाडी ठोकल्यावर ओन डॅमेजचा दावा अडकतो. मी असे दावे फेटाळायची शिफारस लिहिलेली आहे, आणि समोर उभं असलेलं पोर तुझ्याच वयाचं असायचं. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, हेही धरून चाल. थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, आणि १५०० च्या वर एकदम ७,८९७.

साडेचार लाखांतले पन्नास हजार बाजूला काढ आणि गाडी चार लाखांतच बसव. त्या पन्नास हजारांतून आधी चार चांगले टायर, मग ब्रेक पॅड, मग पिचकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर. जुन्या गाड्या ई-२० पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्याही एकदा तपासून घे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, रुंद चाकं, इंजिनाचं रीमॅपिंग, यातलं काहीही केलंस तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण देशील. तसंही घोडपदेवच्या चाळीत रात्री बाराला तो आवाज काढलास तर आरटीओच्या आधी शेजारच्या काकू येतील.

या शनिवारी सकाळी मी मोकळी आहे. स्विफ्टचा नंबर आधी पाठव म्हणजे सर्व्हिसचा इतिहास काढून ठेवते. टॉर्च घेऊन ये, आणि पैसे घरीच ठेव.

तुझी,
आत्या