जोडणी आपली, सर्व्हर दुसऱ्याचा

व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो, आवाज तुटक येऊ लागतो आणि घरातले कुणीतरी लॅपटॉप उघडून ८.८.८.८ या पत्त्याला पिंग लावते. पिंग म्हणजे दूरच्या यंत्राला एक छोटेसे पॅकेट पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजणे. सवय चांगली आहे. मात्र उत्तर देणारे ते यंत्र कुणाच्या तरी मालकीचे असते आणि त्याच्या विजेचे व बँडविड्थचे पैसे कुणीतरी भरत असते. म्हणून परक्याच्या दारात सर्वांत शेवटी जावे लागेल, असा तपासणीचा क्रम ठेवावा. त्या क्रमाने गेल्यास दोषही लवकर सापडतो.

१. आधी घरातले तपासावे. फायबरची तार जिथे येऊन संपते त्या डबीवरचा, म्हणजे ओएनटीवरचा, ‘लॉस’ दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी कुणालाही पिंग करण्यात अर्थ नाही, सरळ तक्रार नोंदवावी. दिवे ठीक असतील तर आपल्याच राउटरला दहा पिंग करावेत. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तरे दोन-पाच मिलिसेकंदांत येत राहिली तर घरातले ठीक आहे. तीच मध्येच दीडशे-दोनशेवर उडी मारत असतील, तर लॅपटॉप लॅन केबलने जोडून पुन्हा पाहावे. केबलवर आकडे स्थिर झाले, तर दोष वाय-फायचा आहे आणि चाचणी इथेच संपली.

२. मग आपल्या सेवा कंपनीच्या हद्दीत जावे. ट्रेसराउट (विंडोजवर ट्रेसर्ट) एकदाच चालवावा. पॅकेट कोणकोणत्या टप्प्यांवरून जाते त्याची तो यादी देतो. पहिली ओळ आपल्या राउटरची, त्यानंतरची बहुधा कंपनीच्या पहिल्या यंत्राची. तो पत्ता लिहून ठेवावा आणि पुढची बरीचशी पिंग-तपासणी त्यावरच करावी, कारण त्या यंत्रासाठी आपण दरमहा पैसे भरतो. मधल्या एखाद्या टप्प्यावर उत्तराऐवजी फुल्या दिसल्या तरी घाबरू नये. राउटर अशा चौकशीला मुद्दाम दुय्यम स्थान देतात. शेवटच्या टप्प्यापर्यंत उत्तरे नीट येत असतील, तर मधली गळती खरी नसते.

३. बाहेरचा पत्ता विचारपूर्वक निवडावा. बहुतेकांची गल्लत इथेच होते. ‘कायम चालू असते’ एवढ्याच कारणाने आपण एखाद्या महाविद्यालयाचे, वृत्तपत्राचे किंवा वीजबिलाचे संकेतस्थळ निवडतो. त्या सर्व्हरचे काम वेगळे आहे आणि ते सांभाळणाऱ्या माणसाला आपली पॅकेटे निव्वळ गोंगाट वाटतात. एखाद्या छोट्या दिवाळी अंकाचे संकेतस्थळ किंवा मित्राच्या दुकानाचे पान तर मुळीच वापरू नये. ते बहुधा स्वस्तातल्या, मोजून दिलेल्या जागेवर चालते.

८.८.८.८ ही गूगलची सार्वजनिक डीएनएस सेवा, २००९ पासून सुरू असलेली. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा. ही सेवा पिंग-चाचणीसाठी नाही, असे गूगलने स्वतःच्या माहितीपानांवर म्हटले आहे. तिथे पिंगच्या उत्तरांवर मर्यादा असते, त्यामुळे एखादे उत्तर गळाले म्हणून आपली जोडणी खराब ठरत नाही. तेव्हा जो जे काम करतो त्याला तेच विचारावे. डीएनएस सर्व्हरला एनएसलुकअप या आदेशाने एखाद्या नावाचा पत्ता विचारावा. उत्तर आले म्हणजे बाहेरची वाट चालू आहे. अधूनमधून चार-पाच पिंग केल्याने कुणाचे बिघडत नाही, पण दिवसभराची पहारेदारी त्या पत्त्यावर लावू नये.

४. किती आणि किती वेळा, हे आधी ठरवावे. विंडोजचा पिंग चार पॅकेटांनंतर आपोआप थांबतो. लिनक्स आणि मॅकवर मात्र कंट्रोल-सी दाबेपर्यंत तो दर सेकंदाला एक पॅकेट पाठवत राहतो. खिडकी उघडी ठेवून आपण झोपलो, तर हिशेबाने दिवसाला ८६,४०० पॅकेटे होतात. दर पाच मिनिटांनी चार असा बेत केला तर ती १,१५२ वर येतात, आणि जोडणी नेमकी केव्हा गेली हे घरगुती कामापुरते तेवढ्यातही समजते.

एका घराने काय होते, असे मनात येईल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर २००३ साली पॅकेटांचा लोंढा आला होता. शिखराला तो सेकंदाला सुमारे अडीच लाखांवर गेला. शोध घेतल्यावर कळले की काही स्वस्त घरगुती राउटरांमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता आणि उत्तर न मिळाल्यास राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारत होता. एकाही घरमालकाला याची कल्पना नव्हती. आपण लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये नेमकी हीच चूक राहू शकते. म्हणून उत्तर आले नाही तर पुढचा प्रयत्न दुप्पट वेळाने, त्यापुढचा चौपट वेळाने, असे लिहावे. चाचणी तासाच्या ठोक्यालाही ठेवू नये, कारण जगभरच्या स्क्रिप्ट त्याच मिनिटाला जाग्या होतात. सतरावे किंवा एक्केचाळिसावे मिनिट घ्यावे.

५. वेगाची चाचणी जपून वापरावी. ती जोडणी काही सेकंद पूर्ण भरून टाकते. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर दहा सेकंदांचे डाउनलोड म्हणजे सुमारे १२५ एमबी, आणि अपलोडचे वेगळे. त्यासाठी उभारलेल्याच सेवा वापराव्यात. ट्रायचे मायस्पीड ॲप आहे, एम-लॅबची चाचणी आहे. एम-लॅबचे निकाल आयपी पत्त्यासह सार्वजनिक होतात, हे सुरू करण्यापूर्वी माहीत असावे. लॅन केबलने, घरातले इतर डाउनलोड थांबवून, सकाळी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या गर्दीत एकदा, असे तीन दिवस मोजले की तक्रारीपुरता पुरावा होतो. लिनक्सच्या मोठ्या फाइली विद्यापीठांच्या मिररवरून पुन्हा पुन्हा उतरवून वेग पाहू नये. आयपर्फ-३ या वेग मोजणाऱ्या साधनाचे सार्वजनिक सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतात. आपण तासभर चालवली, तर बाकीच्यांना ‘सर्व्हर व्यग्र आहे’ एवढेच दिसते. दहा सेकंदांत काम उरकून जागा सोडावी.

६. दुसऱ्याच्या यंत्रावर पोर्ट स्कॅन करू नये. कोणती दारे उघडी आहेत ते एकेक करून ढकलून पाहणे म्हणजे पोर्ट स्कॅन, आणि जोडणीच्या आरोग्याशी त्याचा संबंध नाही. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरणे किंवा त्याची सेवा विस्कळीत करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. शिकण्यासाठीच हवे असेल, तर एनमॅप या स्कॅनिंग साधनाच्या प्रकल्पाने स्कॅनमी.एनमॅप.ऑर्ग हे यंत्र खुले ठेवले आहे. तेही दिवसातून मोजक्या वेळा.

७. उत्तरे अचानक बंद झाली, तर पत्ता बदलून पुन्हा मारा सुरू करू नये, आधी थांबावे; समोरच्याने आपल्याला अडवले असेल. आपल्याकडच्या अनेक सेवा कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांना वाटून देतात. ट्रेसराउटच्या दुसऱ्या ओळीत १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर आपणही बहुधा त्या वाटपात आहात. मग आपल्या अतिरेकामुळे कुणी तो सार्वजनिक पत्ता अडवला, तर शेजारच्या इमारतीतली घरेही अडतात.

८. महिनोन्‌महिने लक्ष ठेवायचे असेल, तर स्वतःचे टोक उभारावे. भाड्याचा लहानसा सर्व्हर पुरतो, किंवा दुसऱ्या शहरातल्या भावाच्या घरचा राउटर. मात्र भावालाही आधी विचारावे: किती वेळाने पॅकेट येईल, किती दिवस येईल, आणि नको वाटल्यास कुणाला सांगायचे.

तक्रार करताना तारीख, वेळ, राउटरपर्यंतचे आकडे, कंपनीच्या पहिल्या यंत्रापर्यंतचे आकडे आणि बाहेरचे आकडे, एवढे एका पानात द्यावे. ‘नेट स्लो आहे’ यापेक्षा ‘राउटरपर्यंत ३ मिलिसेकंद, तुमच्या पहिल्या यंत्राशी दहापैकी चार पॅकेटे गळाली आणि बाहेरही तितकीच’ हे वाक्य तंत्रज्ञाला थेट कामाला लावते. दुरुस्ती झाली की दोन दिवस पाहावे, आणि तिसऱ्या दिवशी आठवणीने क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, उघडून त्यातली चाचणीची ओळ काढून टाकावी.