भाताचा कोंडा व शरीरातील मेद

भाताचे तूस काढल्यावर तांदूळ पांढरा करताना जो थर निघतो, तो कोंडा. भाताच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के कोंडा निघतो व त्यात १५ ते २० टक्के तेल असते. खेड्यात तो बहुधा गुरांच्या आंबोणात जातो.

या तेलातील ओरिझॅनॉल हे द्रव्य १९५० नंतरच्या दशकात जपानमध्ये प्रथम वेगळे काढण्यात आले. त्याच्या घडणीत फेरुलिक आम्ल असते. शरीरातील मेद साठविणाऱ्या पेशी कोवळ्या पेशींपासून तयार होतात. प्रयोगशाळेत उंदराच्या अशा पेशींना कोंड्यातील द्रव्ये दिली असता ही घडण मंदावल्याचे आढळले. माणसांबाबत मात्र हे सिद्ध झालेले नाही. म्हणून कोंड्याने लठ्ठपणा जातो, असे ग्रामसेवकांनी कोणासही सांगू नये.

खरी अडचण निराळीच आहे. कोंडा सुटताच त्यातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन करू लागते आणि कोंडा खवट होतो. वाफेने हे विकर निकामी होते. कोकणातील उकड्या भाताचा कोंडा म्हणूनच तितक्या लौकर बिघडत नाही. शिवाय हलर गिरणीत तूस व कोंडा मिसळूनच निघतात. असा कोंडा माणसांच्या खाण्यास योग्य नव्हे. त्यापेक्षा हातसडीचा तांदूळ बरा. त्यात कोंड्याचा बराच अंश दाण्यावरच राहतो.