तांब्याचे फूल : हस्तव्यवसायाचा एक पाठ

नाशिकच्या तांबट आळीतील भांडी ज्या तत्त्वाने घडविली जात आली, तेच तत्त्व शाळेच्या पेटीवर बसविण्याच्या लहानशा फुलावरून शिकविता येते. अर्धा मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा, कर्कटक, कातर, कानस, लाकडी मोगरी व उथळ खळगा असलेला ठोकळा एवढे साहित्य पुरे.

पत्र्यावर वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघाचे ६ भाग पाडावेत व पाकळ्या आखाव्यात. कापलेल्या कडा कानशीने बोथट कराव्यात. मग पत्रा खळग्यावर ठेवून हलक्या ठोक्यांनी फुगवटा आणावा आणि मध्यभागी खिळ्यासाठी छिद्र पाडावे.

ठोक्यांनी तांबे कठीण होत जाते व अखेर तडकते. पत्रा दाद देईनासा झाला, की शिक्षकाने स्वतः सांडशीत धरून तो मंद लाल होईपर्यंत तापवावा व पाण्यात बुडवावा; तो पुन्हा मऊ होतो. लालबुंद पोलाद पाण्यात बुडविल्यास उलट कठीण होते, हा भेद मुलांस दाखवावा.

पत्रा तडकल्यास मुलाच्या हातास दोष देऊ नये. ताव वेळेवर दिला होता काय, हे शिक्षकाने प्रथम पाहावे.